फर्लांगाचं माहेर

मी एका इंग्रजी शब्दापायी महाडजवळच्या एका भावकीचे तीन बांध एका सकाळी फोडले. शेतं चौघांची होती आणि परवानगी घेतली होती एकाची. त्या एकानं ती एवढ्या आनंदानं का दिली, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवत होतो.

शब्द होता फर्लांग, आणि तो माझ्या डोक्यात भरवला आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी. उंच, थोडे पोक काढून चालणारे, कोटाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे आणि बगलेत मेणकापडात गुंडाळलेली जाडजूड डिक्शनरी. छत्री बारा महिने हातात. उन्हाळ्यात ती फळ्याकडे बोट दाखवायला, कुत्री हाकलायला आणि वाटेत भेटलेल्याला थांबवायला उपयोगी पडे. पावसाळ्यात सर ती उघडत, पण तिच्याखाली डिक्शनरी धरत आणि स्वतः भिजत. सावित्रीला पूर आला की सगळं महाड माळ्यावर चढतं, त्यात नवल काही नाही. एका पुरात मात्र सर आधी डिक्शनरी माळ्यावर ठेवून आले आणि मग शिडीशी उभ्या असलेल्या वहिनींना हात द्यायला खाली उतरले. वहिनी पाण्यात गुडघाभर उभ्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्यात आधी शब्द, मग मी."

सरांचं एकच म्हणणं होतं. शब्द म्हणजे लग्न होऊन आपल्या गावात आलेली मुलगी. तिचं सासर सगळ्यांना ठाऊक असतं. "माहेर विचारा! माहेर! कुठली, कुणाची, कशी वाढली, ते विचाराल तेव्हा ती बोलायला लागेल!" हे सांगताना त्यांचे डोळे असे काही चमकत की समोरच्याला वाटे, आत्ता खिशातून शेंगदाण्यांऐवजी मोहरा निघणार.

मी पुण्याहून नवीन आलेला. पहिल्याच आठवड्यात सर मला संध्याकाळी पोलादपूरच्या रस्त्यानं फिरायला घेऊन गेले. त्या वेळी रस्त्याच्या कडेला मैलांचे दगड असत आणि दोन मैलांच्या मधे फर्लांगांचे बुटके दगड. सरांचा नेम होता, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत एक शब्द. दगड आला की त्यावर छत्री टेकवायची आणि शब्द बदलायचा. आपणही काही कमी नाही हे दाखवायला मी म्हणालो, "सर, फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग."

सर रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून एसटी भोंगा वाजवत होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"हे झालं सासर. माहेर?"

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "मास्तर, माहेरला नंतर जावा, आदी गाडीला जाऊ द्या."

मग कडेच्या दगडावर बसून सरांनी जे सांगितलं, ते मला अजून पाठ आहे. फार जुन्या इंग्रजीत नांगरानं पडलेल्या रेघेला 'फुर्ह' म्हणत आणि लांबला 'लांग'. फुर्ह-लांग. नांगराच्या रेघेएवढं लांब! तिकडं गावकीची मोठमोठी सपाट शेतं. बैलांची जोडी एका दमात जिथपर्यंत नांगर ओढत नेई, तिथं थांबवायची, त्यांना दम घेऊ द्यायचा आणि मग वळवायची. तेवढं अंतर म्हणजे फर्लांग. आणि तेवढ्या लांबीची, मोजणीच्या एका साखळीएवढ्या रुंदीची जमीन एका दिवसात नांगरून व्हायची, तिला ते म्हणू लागले एकर.

"म्हणजे हा दगड नाहीच मुळी!" सर ओरडले आणि त्यांनी दगडावर थाप मारली. "हा बैलाचा दम आहे, दम! लोक इथं पानाची पिचकारी मारतात!"

मी उठून उभा राहिलो. खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर पाठ केलेला एक आकडा एकदम फुरफुरायला लागला होता. दुसऱ्या दिवसापासून मीही फर्लांगाच्या दगडांना नमस्कार करू लागलो, आणि महाडकरांनी शाळेत आणखी एक आल्याची नोंद घेतली.

सरांचे जुने शब्द फक्त सांगण्यापुरते नसत, ते वापरात असत. पूर्वी इंग्रज लोक दिवस न मोजता रात्री मोजत. सात रात्रींच्या आठवड्याला 'सेनाइट' म्हणत. आपल्या नवरात्रासारखंच की, म्हणून सर खूष. त्यांनी रजेच्या अर्जात लिहिलं, मला एक सेनाइट रजा मिळावी. हेडमास्तरांना शब्द माहीत नव्हता आणि विचारायची लाज वाटली. त्यांनी रजा मंजूर केली, वर स्वतः घरी येऊन डाळिंबं देऊन गेले आणि जाताना वहिनींना हळूच म्हणाले, "जपा त्यांना. या वयात हे असलं दुखणं वाईट."

पुढे दशमान पद्धत आली, मैलांचे दगड निघाले आणि किलोमीटरचे आले. तेव्हा सर नव्या दगडापाशी बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "याला माहेरच नाही हो. हा कमिटीनं दत्तक घेतलेला." पण ते पुष्कळ नंतरचं. मी सांगतोय त्या काळी फर्लांग जिवंत होता आणि सरांचा शनिवारही.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला सर अकरावीला एक जुना इंग्रजी शब्द सांगत. पुस्तक बंद, व्याकरण बंद. वर्गाबाहेर खिडकीशी दहावीची पोरं, शिपाई, कधी समोरचा शिंपीसुद्धा. सरांचं सगळं आठवडाभराचं जगणं त्या एका तासासाठी होतं. शुक्रवारी त्यांना जेवण जात नसे. पोलादपूरकडच्या वाड्यांवरून डोंगर उतरून येणारी, सगळा आठवडा मागच्या बाकावर पेंगणारी पोरं त्या तासाला पुढे सरकून बसत.

हे शाळा समितीच्या अध्यक्षांना खटकलं. अध्यक्ष गावातले नामांकित वकील. समितीच्या बैठकीत त्यांनी सरांना उभं केलं, आणि टिपणं घ्यायला म्हणून मी कोपऱ्यात होतो.

"मास्तर, परीक्षेत फर्लांगाचा जन्म विचारणार आहेत का?"

"नाही."

"मग पोरांचा तास का घालवता? विलायतेतली मढी उकरून इथं कुणाचं पोट भरणार? हे शब्द इथं उगवत नाहीत. येत्या शनिवारपासून त्या तासाला निबंध घ्या."

सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. मग एकदम त्यांचा आवाज चढला, "उगवत नाहीत? उगवून दाखवतो!"

वकीलसाहेब हसले. त्यांना वाद आवडे, मग तो फुकटचा असला तरी. म्हणाले, "ठीक. महाड तालुक्यात एक फर्लांग लांब नांगराची रेघ काढून दाखवा. सलग. बैल मधे वळवायचे नाहीत. दाखवलीत तर शनिवार तुमचा. मी पुन्हा शब्द काढणार नाही."

"एक फर्लांग?" बैठकीतले एक शेतकरी सदस्य हळूच म्हणाले, "आपल्याकडं एवढं लांब शेत कुठाय?"

वकीलसाहेबांना तेच तर म्हणायचं होतं. आमच्याकडं शेत म्हणजे खाचर. डोंगर उतरत येतो तशी पायऱ्यापायऱ्यांची, बांधांनी अडवलेली. नांगर सुरू झाला न झाला की बांध आलाच.

सर खाली बसले. आणि मी, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, उभा राहिलो आणि म्हणालो, "जागा मी शोधतो."

जागा सापडली, ती मात्र झकास. गावाबाहेर, नदीच्या अंगाला सपाट पट्टा. एकापुढे एक चार खाचरं, आणि पलीकडं पोलादपूरचा रस्ता. भातं झोडून झालेली, वालासाठी जमीन नांगरायची होती. चारांच्या मधे तीन बांध. बांधांना बैल जाण्यापुरती खिंडारं पाडली की सरळ फर्लांगभर वाट! मी चौकशी केली, शेतं कुणाची? चौघांचं आडनाव एकच निघालं. मी म्हटलं, वा, एकाच घरचं काम! आणि त्यातल्या थोरल्यांकडं गेलो. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा अंगणात सुपारी कातरत बसले होते. मी सगळं समजावलं.

"तिन्ही बांध फोडायचं?" दादांनी विचारलं.

"थोडेसेच. नंतर बुजवून देऊ."

दादांचा चेहरा उजळला. "फोडा की! त्यात काय, चार ढेकळं. बैलबी माझेच न्या. कुनी विचारलान तर सांगा, दादा म्हनाले."

एवढा उदार माणूस मी कोकणात पाहिला नव्हता. बाहेर पडताना मी त्यांच्या पाया पडलो.

रविवारी सकाळी मी आणि शाळेचा शिपाई टिकाव-फावडी घेऊन गेलो आणि तिन्ही बांधांना खिंडारं पाडली. ओव्हरसियरकडून मागून आणलेली साखळी टाकून फर्लांग मोजला आणि शेवटी, रस्त्याच्या अलीकडं, काठीला माझा लाल रुमाल बांधला. शाळा लोटली. अर्धं गाव लोटलं. वकीलसाहेबांना खुर्ची आणली. सरांनी धोतराचा काचा मारला होता. ते एकदा रुमालापाशी धावत, एकदा बैलांपाशी, आणि बैलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. "आज तुम्ही इंग्रजी बोलणार बरं का!" एवढं मी ऐकलं.

दादांनी नांगर धरला. "हाऽऽ चल!" बैल निघाले. काळी माती दोन्हीकडं उलटत गेली. पोरं ओरडायला लागली. सर बैलांच्या बरोबरीनं पळत होते. पहिलं खिंडार आलं, आणि बैल तिथं येताच, कुणी काही न म्हणता, डौलात वळले आणि परत आमच्याकडं यायला लागले.

दादांनी शेपटी पिरगळली. पुन्हा तोंड फिरवलं. खिंडारापाशी बैल पुन्हा वळले. मी पुढं होऊन कासरा ओढला. त्यावर एक बैल खाली बसला.

"संपलं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, "बांध कोनी फोडलान? ए! बांध कोनी फोडलान?" हातात काठी घेऊन दादांचा मधला चुलतभाऊ, दुसऱ्या खाचराचा मालक, येत होता. त्याच्या मागून त्यांची चुलती, जिला सगळे काकी म्हणत, नऊवारीचा ओचा खोचून भरभर येत होती. तिसरं खाचर तिचं. दादांनी माझ्याकडं बोट केलं.

"दादांनी परवानगी दिली होती..." मी म्हणालो.

"कोनी? ह्यानं?" काकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "त्याच्या बापाची जमीन हाय का माझी? वाटनीचं तिन्ही बांध ह्याला कबूल न्हाईत, त्यापायी आमची कोर्टात तारीख चालू हाय, आन तुम्ही त्यालाच इचारून फोडलात? चोराला इचारून कुलूप काढलंत!"

"दादांचे वकील कोण?" मी घाबरून विचारलं.

सगळे खुर्चीकडं पाहायला लागले. वकीलसाहेब उठले होते. आपल्या अशिलानं वादातले बांध आपल्याच पैजेच्या निमित्तानं फोडून घेतल्याचं आत्ता त्यांच्या ध्यानात आलं होतं. "मी इथं शाळेचा अध्यक्ष म्हणून आलोय," ते घाईघाईनं म्हणाले. "शेताबद्दल मी काही पाहिलेलं नाही."

काठी माझ्या दिशेनं वर गेली, आणि त्याच क्षणी सर मधे घुसले. मला वाचवायला नव्हे. त्यांना मी दिसतच नव्हतो. आनंदानं ते अक्षरशः थरथरत होते.

"पाहिलंत? पाहिलंत का? बैलांना बांध दिसतोय! फुटला तरी दिसतोय! त्यांचा दम या खाचराएवढाच घडलाय! तिकडं शेत लांब, म्हणून फर्लांग लांब. आमचा फर्लांग इथं, या खिंडारापाशी संपतो! काकी, तुमच्या खाचरात इंग्रजी शब्द उगवला हो!"

काकीनं त्यांच्याकडं पाहिलं. मधल्यानं काठी खाली केली, पिसाळलेल्या माणसासमोर करतात तशी. "ह्ये काय म्हनतायत?" तिनं विचारलं.

मग सरांनी भर शेतात काकीला फर्लांगाचं माहेर सांगितलं. लांब शेतं, एका दमात जाणारे बैल, दम घेणं, वळणं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "विलायतेचं बैल मोठं लागून गेलेत काय? ह्या थोरल्याच्या बैलांवर जाऊ नका तुमी. ती घान्याला जुपायच्या लायकीची. गोल फिरायचं तेवढं ठावं त्यांना."

"ए काकी, तोंड सांबाळ!" दादा उसळले.

"का? खोटं हाय? आमच्या धाकट्याचे बैल आना! आंबेनळीचा घाट चढतात कोळशाची गाडी घेऊन!"

चौथं खाचर या धाकट्या पुतण्याचं. तो रस्त्याकडून मजा बघत होता. काकीनं हाक मारली, "ए रे, आन तुजी जोडी! दाव ह्या थोरल्याला!" मधल्यानंही काठी टाकली आणि तो म्हणाला, "आन, आन. माज्या शेतातनं ने. बगू तर."

ज्या बांधासाठी क्षणापूर्वी माझं डोकं फुटणार होतं, त्याच्या खिंडारातनं आता सगळी भावकी माती दूर सारायला लागली. धाकट्यानं गाडीची जोडी नांगराला जुपली. घाटात मुरलेले, रुंद छातीचे, सुस्त डोळ्यांचे बैल. सरांनी डिक्शनरी माझ्या हातात दिली. ती त्यांनी कुणाच्या हातात दिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही.

"हाऽऽऽ!"

बैल निघाले. पहिलं खिंडार, आणि ते थांबलेसुद्धा नाहीत! आरोळी उठली. मधल्याच्या शेतातून जाताना मधला स्वतः पुढं पळत धोंडे उचलून फेकत होता. दुसरं खिंडार! आता काकीचं खाचर, आणि काकी ओचा धरून बैलांबरोबर पळतेय, "चल रं माज्या राजा, चल!" तिसरं खिंडार! दादासुद्धा ओरडायला लागले, आपले बैल हरल्याचं विसरून. लाल रुमाल जवळ आला. सर रुमालापाशी दोन्ही हात पसरून उभे, "इथं! इथं दम घ्यायचा! इथं!"

बैलांनी रुमाल तुडवला, सरांना वळसा घातला आणि पुढं चालू लागले. धाकट्यानं कासरा ओढून पाहिला. नांगर शेताच्या कडेवरून उडाला, रस्त्यावर चढला, आणि जोडी रोजच्या सवयीनं पोलादपूरच्या दिशेला वळून खडखडत चालती झाली. मागं नांगर, नांगरामागं धाकटा, त्यामागं सर, शाळा, भावकी आणि खुर्ची सोडून वकीलसाहेब. थोड्या अंतरावर चहाचं झोपडीवजा हॉटेल होतं. तिथं धाकटा रोज गाडी सोडून चहा प्यायचा. बैल बरोबर तिथं थांबले आणि फुसकारून दम घेतला.

सर धापा टाकत पोचले आणि त्यांनी एका बैलाच्या गळ्याला मिठी मारली. "दम घेतला! सगळ्यांनी पाहिलं! दम घेतला!"

वकीलसाहेबांनी कपाळ पुसलं. मग हॉटेलवाल्याला म्हणाले, "चहा टाक सगळ्यांना." आणि सरांकडं वळून, "शनिवार तुमचा. पण पुढच्या शब्दाला मला शेतात बोलवू नका."

सरांचा शनिवार वाचला. राहिला माझा न्याय. तो काकीनं चहा पिता पिता केला. गडी लावायचा नाही, शिपायाला हात लावू द्यायचा नाही. ज्यानं फोडला त्यानंच बांधायचा. चौघाही चुलती-पुतण्यांचं कित्येक वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे.

पुढच्या शनिवारी शाळेत सरांचा वाचलेला तास होता आणि मी शेतात चिखल कालवत होतो. शेवटचं खिंडार काकीच्या बाजूचं. मी ढेकळं रचली, थापली, पुन्हा थापली. एवढ्यात रस्त्यावरून गलका आला. सर सगळी अकरावी घेऊन येत होते, छत्री उंच धरून. वर्ग माझ्याभोवती बांधावर बसला. सर खिंडाराच्या टोकाला उभे राहिले, आणि त्यांच्या आवाजाला तीच जुनी कापरी धार आली.

"आजचा शब्द, बॉक! जुन्या इंग्रजीत बॉक म्हणजे काय, माहितेय? दोघांच्या शेतांमधे न नांगरता सोडलेली मातीची उंच पट्टी. म्हणजे काय? बांध! आणि त्यावरूनच पुढं, चालता चालता अडथळ्यापाशी अडून बसणाऱ्या जनावरालाही तोच शब्द लागला. कुणाला आठवतात दादांचे बैल?"

वर्गानं एकच कल्ला केला. मागच्या बाकावरची पोरं सगळ्यांत पुढं होती. सर मला दाखवून म्हणाले, "आणि हे पाहा, तुमच्यासमोर बॉक तयार होतोय. नीट बघून घ्या, असं भाग्य विलायतेतल्या पोरांनाही नाही!"

मी कंबर सरळ केली, चिखलाचे हात मागं पुसले आणि जरा अभिमानानंच बाजूला झालो. काकी डोक्यावरची पाटी उतरवून पुढं आली. तिनं बांधाला एक प्रदक्षिणा घातली, पायानं दाबून पाहिला, वाकून दोन्ही बाजूंनी निरखला.

"ल्हान मास्तर," ती म्हणाली, "ह्यो बांध हाय, का म्हस बसलीय?"